एकशे बारा खांब

आमच्या साडभाऊंइतका मोजून-मापून जगलेला माणूस मी पाहिला नाही, आणि एकाच मोजणीत चुकला म्हणून अर्ध्या नागपूरने हसून घेतलेला माणूसही दुसरा पाहिला नाही. ती मोजणी त्यांची नव्हती. कोणाची होती, हे सांगणं मी गेली काही वर्षं टाळत आलो. आधी वाटलं, विषय थंड होऊ द्यावा. थंड झाल्यावर वाटलं, आता कशाला उकरायचा. लग्नाकार्यात त्यांचा किस्सा निघाला आणि लोक हसायला लागले की मीही थोडा हसायचो आणि पाणी प्यायला उठायचो. आता माझं वय अठ्ठ्याहत्तर आहे. पाणी प्यायला उठायचं तरी आधी गुडघ्यांना विचारावं लागतं. म्हणून बसल्या जागी लिहून टाकतो.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. मूळचे नागपूरजवळच्या खाप्याचे, विणकराच्या घरातले. आजोबांचा हातमाग वडिलांच्या काळात बंद पडला आणि साडभाऊ वीज खात्यात लाइनमन झाले. चौतीस वर्षं खांबांवर काढून निवृत्त झाले आणि नागपूरच्या नंदनवन भागात दोन खोल्यांचं घर बांधून राहिले. मी हुडकेश्वरला. शाळेत गणित शिकवून मीही निवृत्त झालेलो, त्यामुळे ते मला गुरुजी म्हणत, आणि ते म्हणण्यात नात्यापेक्षा गणिताचा मान जास्त असे. त्यांचा जगातल्या कुठल्याही छापील आकड्यावर विश्वास नव्हता. काडेपेटी आणली की ते पहिल्यांदा काड्या मोजत. दोन कमी भरल्या तर दुकानदाराकडे जात, आणि हे सांगितलं नाही तर त्यांच्यावर अन्याय होईल, एक जास्त भरली तरीही जात. नंदनवनातल्या किराणावाल्याने मला एकदा हात जोडून सांगितलं होतं, "गुरुजी, कमी काडी आणून देते ते समजते मले. पण जास्तीची एक काडी वापस कराले हा माणूस दोन वाजताच्या उन्हात आला. मी तिचं काय करू?"

उन्हाळ्यात त्यांच्या अंगणात दोन थर्मामीटर टांगलेले असत. दोन यासाठी की एक खोटं बोलला तर दुसऱ्याने सांगावं. सकाळी पेपर आला की कालचं तापमान वाचायचं आणि आपल्याशी ताडून बघायचं. मे महिन्यात तर त्यांचा दिवसच या कामाने सुरू व्हायचा. "पाहा गुरुजी, पेपरवाले आपली एक डिग्री खाऊन राहिले," ते फोनवर सांगत. त्यात राग नसे. एवढी सोसलेली एक डिग्री कुठे गेली असेल याचं निखळ कुतूहल असे. त्यांच्या स्वभावाची हीच गंमत होती. दुसरा माणूस फसवला गेला की चिडतो, साडभाऊंना मात्र फसवणुकीचं माप हवं असे. "फसवलं ते ठीक आहे," ते म्हणत, "किती फसवलं ते तर समजलं पाहिजे ना."

आणि हे सगळं ते कागदावर लिहीत नसत. घराण्यात सूत होतं, तर त्यांच्या नोंदी सुतावर असत. खिशात नेहमी दोऱ्याची गुंडी. मोजणी सुरू झाली की शंभराला एक गाठ. कागद भिजतो, शाई उडते, गाठ सुटत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि विणकराची गाठ खरोखरच सुटत नसे, मी दातांनी प्रयत्न केलेला आहे. भिंतीवरच्या एका लांब खिळ्याला असे पन्नासेक दोरे लोंबत. पाहुण्याला वाटायचं, नवस आहे. माझी मेहुणी या दोऱ्यांना कंटाळली होती. एकदा तिने पापडाची पिशवी हाताला लागेल त्या दोऱ्याने बांधून आमच्याकडे पाठवली, तर तासाभरात साडभाऊ धापा टाकत हुडकेश्वरला हजर. पिशवी सोडून दोरा हातात घेतला आणि बायकोला तिथूनच फोन लावला. "अवं, हा मागचा उन्हाळा होता ना." पलीकडून मेहुणीचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "तुमच्या घरात साधा दोराच नाही जी. ज्याले हात लावा त्याच्यात काही ना काही लिहिलेलंच असते."

अशा माणसाने विजेवर चालणारी स्कूटर घेतली तेव्हा पुढे काय होणार हे मला कळायला हवं होतं. वीज म्हणजे त्यांचा जन्माचा विषय. जन्मभर तारेतून गेलेली वीज आता चाकातून धावणार, हे ऐकूनच ते हरखले होते. रोज पेपरातल्या या गाड्यांच्या बातम्या ते मला वाचून दाखवत: कुठे उभी गाडी पेटली, कुठे दुरुस्तीला आलेल्या गाड्यांचे शोरूमसमोर ढीग लागले, कुठे अनुदानात घोळ निघाला, कुठे मोटारीतलं चुंबक परदेशातून येईना म्हणून कारखाना अडला. मी म्हणायचो, "इतकं वाचून तुम्ही घेताच कशाला?" ते म्हणायचे, "गुरुजी, चुंबक अडलं तर गाडी अडते हे मले लाइनमन असून माहीत नव्हतं. आता घरी असल्याशिवाय कसं समजन?" शोरूमवाल्याने एका चार्जिंगमध्ये एकशे वीस किलोमीटर असं छापलेला रंगीत कागद दिला. साडभाऊंनी तो घडी घालून खिशात ठेवला, दोऱ्याच्या गुंडीजवळ. मला तेव्हाच त्या कागदाची कीव आली.

पहिले काही महिने गाडी गुणी मुलासारखी वागली. मग एके रात्री कंपनीने फोनवरून काहीतरी नवीन प्रणाली गाडीत सोडली, ज्याला सगळे अपडेट म्हणतात, आणि सकाळपासून गाडी लवकर दमायला लागली. साडभाऊ शोरूमला गेले. तिथल्या पोराने गाडीचाच पडदा दाखवला, त्यावर सगळं ठीक होतं. साडभाऊ त्याला म्हणाले, "बाबू, ज्यानं गाडी बनवली त्याचाच पडदा, त्याचाच आकडा. साक्षीदार तर दुसरा पाहिजे ना गा." हळूहळू अशाच तक्रारीची आणखी वीसेक माणसं तिथे भेटली. साडभाऊ वयाने मोठे, निवृत्त, आणि विजेतलं कळणारे, म्हणून सगळ्यांनी त्यांना पुढे केलं. कंपनीचा इंजिनिअर पुण्याहून येणार होता. त्याच्यासमोर पुरावा ठेवायचं काम साडभाऊंनी आपल्याकडे घेतलं. तो पुरावा त्यांना कंपनीच्या पडद्यावरून नको होता, आणि नकाशावरूनही नको, कारण नकाशाही कोणत्या तरी कंपनीचाच. त्यांनी खांब निवडले. खाप्याच्या रस्त्यावरची विजेची लाइन त्यांच्या तरुणपणी त्यांच्याच टोळीने टाकलेली. दोन खांबांत पन्नास मीटर, टेप त्यांनी स्वतः धरलेला. वीस खांब म्हणजे एक किलोमीटर, यात जगातली कोणतीही कंपनी ढवळाढवळ करू शकत नव्हती.

बेत असा ठरला. गाडी रात्रभर चार्ज करायची, सकाळी नंदनवनातून निघायचं, खाप्याला जाऊन जेवायचं, परत फिरायचं, आणि गाडी मरेल तिथपर्यंत खांब मोजायचे. शहरातल्या तारा जागोजागी जमिनीखाली गेलेल्या, म्हणून घरापासून कोराडी नाक्यापर्यंतचं अंतर त्यांनी आधीच तीन सकाळी पायी मोजून ठेवलं होतं. पुढचे खांब मी मोजायचे. गाडी चालवणाऱ्याने रस्त्याकडे पाहायचं, मोजणाऱ्याने खांबाकडे, हा नियम. शेजारचे दोघे-तिघे मोजायला तयार होते. साडभाऊ म्हणाले, "नाही. गणिताचे मास्तर घरात असताना बाहेरचा कायले?" माझ्या बायकोने मला सकाळी निघताना टोपी दिली आणि बहिणीला फोन करून सांगितलं की दोघंही म्हातारे झाले आहेत, जेवायला जास्त आग्रह करू नका म्हणावं खाप्यात.

जातानाची मोजणी मी चोख केली. गाडी संथ चालली होती, खांब एकामागून एक येत होते, शंभर झाले की मी मागे बसून गाठ मारायचो आणि साडभाऊ मान न वळवता म्हणायचे, "गाठ ओढून घ्या गुरुजी, सैल नको." खाप्याला त्यांच्या चुलतभावाकडे जेवण. चुलतवहिनीने वडाभात केला होता. कढत भात, त्यावर कुस्करलेले वडे आणि वरून लसणाच्या फोडणीचं तेल. माझ्या बायकोचा निरोप तिथपर्यंत पोचला नव्हता, किंवा पोचला होता आणि मानला गेला नव्हता. मी तिसऱ्यांदा भात घेतला हे कबूल करतो. इतकी वर्षं झाली, तो तिसरा भात अजून माझ्या पोटात आहे.

परतीला नवा दोरा घेऊन पहिल्या खांबापासून मोजायला लागलो. शंभर, दोनशे, तीनशे, चारशे. चार गाठी मारल्या. ऊन पाठीवर होतं, वारा तोंडावर. पेट्रोलच्या गाडीला निदान आवाज तरी असतो. ही गाडी अंगाई म्हटल्यासारखी गुणगुणत चाललेली. चारशे ऐंशी म्हटल्याचं मला आठवतं. त्यानंतरचं आठवतं ते हे की गाडी थांबली होती, माझं कपाळ साडभाऊंच्या पाठीवर होतं आणि त्यांच्या सदऱ्यावर माझ्या टोपीचा घामट ठसा उमटला होता. समोर कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या आभाळात धूर सोडत होत्या. अर्ध्या मुलखाला पुरेल एवढी वीज तिथे तयार होत होती, आणि आमच्या गाडीत घंटी वाजवण्यापुरतीही उरली नव्हती. साडभाऊंना याचं इतकं हसू आलं की ते गाडी स्टँडला लावून रस्त्याच्या कडेला बसलेच. हसून झाल्यावर डोळे पुसत म्हणाले, "किती झाले गुरुजी?"

इथे मी "झोप लागली होती" असं म्हणायचं होतं. तीन शब्द. पण गणिताचा मास्तर मोजता मोजता झोपला, हे माझ्या तोंडून निघेना. क्षणभरच डोळा लागला असेल, फार तर चार-दोन खांब, अशी मी माझी समजूत घातली. शिवाय आकडा कमी असला तर गाडी कमी धावली असंच दिसणार, म्हणजे त्यांच्याच भल्याचं. मी म्हणालो, "चारशे ऐंशी."

साडभाऊंनी एकदा मागे रस्त्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "चारशे ऐंशीच?"

"चारशे ऐंशी."

"मले जास्त वाटले होते," ते म्हणाले. "पण वाटणं म्हणजे काही मोजणं नाही." आणि माझ्या हातातला चार गाठींचा दोरा घेऊन त्यांनी आपल्या सदऱ्याच्या वरच्या खिशात, त्या रंगीत कागदाशेजारी ठेवला. सगळं मिळून बहात्तर किलोमीटर भरले. कंपनी म्हणत होती एकशे वीस.

शोरूमच्या मागच्या खोलीत बैठक झाली. इंजिनिअर पोरगेलासा, नम्र, काका-काका करणारा. साडभाऊंनी टेबलावर दोरे मांडले तेव्हा तो आधी हसला, मग खांबांचं गणित ऐकून खरोखर लक्ष देऊन पाहायला लागला. त्याने आपल्या फोनवर नकाशा काढला आणि म्हणाला, "काका, परतीचं अंतर यात जास्त दिसतंय." साडभाऊ म्हणाले, "नकाशा तुमचा आहे, बाबू. खांब माझे आहेत." तेव्हा तो म्हणाला, "मग खांबच मोजू या की." पुढच्या रविवारी एक मोठी गाडी करून इंजिनिअर, साडभाऊ, मी आणि तक्रारदारांतले सात-आठ जण खाप्याहून निघालो. सगळे मोठ्याने मोजत होते. मीही मोजत होतो. चारशे ऐंशी झाले तेव्हा आम्ही सगळ्यांनी पुढे पाहिलं आणि चिमण्यांचा पत्ता नव्हता. पाचशे झाले. पाचशे पन्नास झाले. आमची स्कूटर थांबली होती त्या जागी आलो तेव्हा मोजणी पाचशे ब्याण्णव होती. एकशे बारा खांब जास्त.

मग मागच्या सीटवरून एक जण म्हणाला, "काका, खांब काय चालत आले काय गा?" आणि सगळे हसले. साडभाऊ हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. संशयाने नाही, वर्गात मुलगा फळ्याकडे पाहतो तसं. "गुरुजी, तुम्ही मोजले होते ना?"

मी म्हणालो, "हो."

"मग खांबच वाढले असतील," साडभाऊ म्हणाले. "मधे टाकले असतील कोणी. लाइन वाढतच असते."

इंजिनिअरने फार सौजन्याने सांगितलं की शंभरावर खांब चुकत असतील तर बाकीची तक्रार कशी धरायची, काका, तुम्हीच सांगा. आणि तिथे तो विषय संपला. कोणीच बेरीज केली नाही. मी केली, गाडीतच, मनातल्या मनात, कारण ती मला करता येते. एकशे बारा खांब म्हणजे साडेपाच किलोमीटरच्या जरा वर. बहात्तरचे झाले साडेसत्याहत्तर. एकशे वीस कुठे आणि साडेसत्याहत्तर कुठे. साडभाऊंची तक्रार जशीच्या तशी खरी होती, तिला माझ्या खोट्याची गरजच नव्हती. हे मी गाडीत उठून सांगू शकलो असतो. पण त्यासाठी आधी ते एकशे बारा खांब कुठे गेले हे सांगावं लागलं असतं. मी खिडकीबाहेर पाहत बसलो. बाहेर खांबच होते.

बाकीच्यांनी फुकट सर्व्हिसिंगची दोन कुपनं घेतली आणि पांगले. साडभाऊंनी घेतली नाहीत. नंदनवनात त्यांचं नाव पडलं. पानटपरीवर, भाजीच्या गाडीवर कोणीही विचारायचं, "काय काका, आज किती खांब वाढले?" ज्या किराणावाल्याला ते जास्तीची काडी परत करत, तोही एकदा काडेपेटी देताना म्हणाला, "मोजून घ्या काका, रस्त्यात वाढतीन." साडभाऊंनी काड्या मोजल्या. बरोबर होत्या. पण मेहुणी सांगते, त्या दिवसापासून ते त्या दुकानात गेले नाहीत, आणि घरात काडेपेटी न मोजता वापरायला लागले. माझ्या दृष्टीने हा माणूस आजारी पडला तो त्या दिवशी. डॉक्टरांनी पुढे वेगळी तारीख सांगितली.

मात्र कुतूहल गेलं नव्हतं. खांब वाढले म्हणजे नवीन टाकले, आणि नवीन टाकले तर दिसायला हवेत, या हिशेबाने ते एसटीने जाऊन त्या रस्त्याने पायी हिंडायला लागले. डोक्याला दुपट्टा, हातात छत्री, प्रत्येक खांबाशी थांबून नंबर, रंग, बुडाचं सिमेंट तपासायचं. माझ्या घरून जाताना ते मला सांगून जायचे, आज इथून इथपर्यंत पाहतो म्हणून, आणि मी त्यांना ताक प्यायला लावून निरोप द्यायचो. नसलेले एकशे बारा खांब शोधायला एक म्हातारा माणूस उन्हात जातो आहे आणि आपण त्याला ताक देतो आहोत, हे मला समजत होतं. पंधरा-वीस दिवसांनी ते आले, पायरीवर बसले आणि चप्पल काढून म्हणाले, "गुरुजी, सगळे खांब जुने आहेत. एकावर तर माझ्याच हातानं लिहिलेला नंबर आहे अजून."

मला वाटलं, आली वेळ. आता ते पुढचं वाक्य बोलतील आणि मी सुटेन. ते बराच वेळ तळव्याला लागलेला काटा काढत राहिले. मग चेहरा एकदम उजळला. "म्हणजे त्या पोट्ट्यांनी कुठं कुठं दोन्ही बाजूचे मोजले असतीन. तुम्ही एकाच बाजूचे मोजले. बरोबर आहे." आणि माझ्या बायकोला हाक मारून ताक मागितलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मारबतीची मिरवणूक पाहायला गेलो. वर्षभरात जे जे लोकांना छळतं त्याचे बडगे, म्हणजे मोठाले पुतळे, त्या दिवशी गावभर फिरवतात आणि शेवटी जाळतात. त्या वर्षी कोणीतरी विजेच्या स्कूटरचा बडग्या केला होता. तोंडातून चिंध्यांच्या ज्वाळा, पाठीवर लिहिलेलं, मले धक्का मारा. आणि गळ्यात गाठी मारलेला जाड दोरखंड. दोरखंड कोणासाठी होता ते आमच्या आजूबाजूच्यांना कळलं, ते आमच्याकडे वळून हसले. साडभाऊंनी चष्मा पुसून नीट पाहिलं. "गाठी सैल मारल्या आहेत," ते म्हणाले. मी त्यांचा दंड धरला, बाजूला घेतलं आणि म्हणालो, "साडभाऊ, मला तुम्हाला काही सांगायचंय." ढोल-ताशांचा कल्लोळ चालला होता. ते म्हणाले, "घरी बोलू, इथं काही ऐकू येऊन नाही राहिलं." घरी माझे सून-मुलगा आले होते. त्यांच्यासमोर नको, असं मी ठरवलं. मी असं काय काय ठरवलं याची यादी केली तर साडभाऊंचा एक दोरा भरेल.

शेवटची भेट दवाखान्यात झाली. दुपारची वेळ, खोलीत दुसरं कोणी नाही, हाताला सलाइन. बारीक झाले होते, पण मी गेलो तेव्हा सलाइनच्या नळीकडे टक लावून पाहत होते. "नर्सबाई म्हणते मिनिटाले वीस थेंब," त्यांनी हळूच सांगितलं. "मी पाहून राहिलो सकाळपासून. पण मधेच झोप येते, मोजणी तुटते." मग उशीखालून दोरा काढून माझ्या हातात दिला. "तुम्ही मोजा गुरुजी. शंभराले एक गाठ." आणि डोळे मिटले.

मी मोजले. खुर्ची पुढे ओढून, चष्मा नाकावर घट्ट बसवून, ओठ हलवत मोजले. मेहुणी डबा घेऊन दारात आली, मी हात करून तिला थांबवलं. ती दारातच उभी राहिली, बिचारी. सत्याऐंशी मिनिटं मी पापणी लववायलाही घाबरत होतो. ते जागे झाले आणि म्हणाले, "किती?"

"सतराशे चाळीस," मी म्हणालो. "सत्याऐंशी मिनिटांत."

त्यांनी दोरा घेऊन बोटांनी गाठी चाचपल्या. सतरा. मनात भागाकार केला असणार, कारण जरा वेळाने म्हणाले, "बाई खरं बोलते मग." किती दिवसांनी त्यांना कुठला तरी आकडा खरा निघालेला मिळाला होता. त्यांचा चेहरा पाहून मला धीर आला. मी म्हणालो, "साडभाऊ, त्या दिवशी कोराडीला..."

त्यांनी सलाइन नसलेला हात वर केला. "राहू द्या गुरुजी. मोजणाऱ्यावर शंका घेतली तर मग मोजाले काही राहतच नाही." तेवढ्यात मेहुणी आत आली, तिने डबा उघडला, मागोमाग डॉक्टर आले. मी म्हणालो, उद्या येतो. उद्या एकट्याला गाठून सगळं सांगायचं, हे मी नक्की ठरवलं, आणि त्या वेळी मी खरंच ठरवलं होतं. पहाटे फोन आला.

त्यांना काही माहीत होतं का, हे मला कळत नाही. कधी वाटतं, पाठीवर माझ्या डोक्याचं वजन आलं तेव्हाच त्यांना कळलं असणार. कधी वाटतं, नाही, इतका मोजून घेणारा माणूस माझ्याबाबतीतच तेवढा न मोजता राहिला. दोन्हींपैकी कुठलं बरं, याचा हिशेब मला जमत नाही.

दिवस झाल्यावर मेहुणीने खिळ्यावरचे सगळे दोरे उतरवले. त्यांतला एक तिने माझ्यापुढे धरला. चार गाठी, आणि चौथीनंतर लांबच लांब कोरा दोरा. "भाऊजी, हा तुमच्या खाप्याच्या फेरीचा ना? त्याईनं वेगळा ठेवला होता. काय लिहिलं आहे याच्यात?" मी म्हणालो, बघून सांगतो, आणि दोरा घरी घेऊन आलो. तिलाही अजून सांगितलेलं नाही. दोरा माझ्यासमोर आहे. पाचवी गाठ मारायची जागा मला बरोबर माहीत आहे, पण ती आता मी मारायची नाही.

तिच्यासाठी, टपरीवरच्या लोकांसाठी आणि त्या पुण्याच्या मुलासाठी इथे लिहून ठेवतो. साडभाऊंना मात्र हे तोंडाने सांगायचं होतं, दारात कोणी नसताना, ढोल वाजत नसताना, एवढंच: साडभाऊ, खांब वाढले नव्हते. त्या पोरांनी दोन्ही बाजूचे मोजले नव्हते. गाडी साडेसत्याहत्तर धावली, कागदावर एकशे वीस होती, तुमचं बरोबर होतं. चारशे ऐंशीनंतर मी झोपलो होतो, तुमच्याच पाठीवर डोकं टेकून. मला माफ करा.